स्टेम सेल प्रत्यारोपणाचे दुष्परिणाम : "मग पेशंट जास्त जगले का?"



पीएचडीच्या पहिल्या वर्षातला माझा पहिला जर्नल क्लब. विषय होता ब्लड कॅन्सरच्या रुग्णांमधलं स्टेम सेल प्रत्यारोपण आणि त्याचे दुष्परिणाम. मी ऐंशीच्या दशकातला एक जुना पेपर निवडला होता. दात्याच्या अस्थिमज्जेतून टी-पेशी काढून टाकल्या की जीव्हीएचडी नावाचा मोठा दुष्परिणाम खूप कमी होतो, असं त्यात दाखवलं होतं. आलेख एकदम स्वच्छ. मीही खूश. शेवटच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, 'टी-पेशी काढा, त्रास संपवा.'

गाईडनी शांतपणे विचारलं, "छान. मग पेशंट जास्त जगले का?"

मी गप्प. मला उत्तर माहीत नव्हतं, कारण तो तक्ता मी वाचलाच नव्हता. दुष्परिणाम कमी झाला म्हणजे रुग्णाचं भलं झालं, हे मी गृहीत धरलं होतं.

आजचा लेख त्या एका प्रश्नावर आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर विषय कुठलाही असो, हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी कोणीतरी विचारणार. तेव्हा माझ्यासारखं गप्प बसायची वेळ येऊ नये म्हणून हे सगळं नीट सांगते.

आधी थोडी पायाभरणी

आपल्या हाडांच्या आत अस्थिमज्जा म्हणजे बोन मॅरो असतो. तिथल्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल्स, आयुष्यभर रक्त तयार करत राहतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळं तिथूनच. ल्युकेमियामध्ये या कारखान्यातच बिघाड होतो. मग काही रुग्णांमध्ये डॉक्टर आधी जोरदार केमोथेरपी देतात, कधी त्याच्या जोडीला पूर्ण शरीराला रेडिएशन देतात आणि नंतर नव्या मूळपेशी देतात.

प्रत्यारोपण म्हटलं की अनेकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. प्रत्यक्षात पेशींची पिशवी सलाईनसारखी स्टँडला टांगतात आणि शिरेतून देतात. पेशी रक्तातून वाट काढत स्वतःच अस्थिमज्जेत जाऊन बसतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त बनू लागतं.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात रुग्णाच्याच पेशी आधी काढून गोठवून ठेवतात आणि केमोनंतर परत देतात. याला ऑटोलॉगस म्हणतात. मायलोमामध्ये हा प्रकार नेहमीचा. दुसऱ्यात पेशी दुसऱ्या माणसाच्या असतात, भावाच्या, बहिणीच्या किंवा रजिस्ट्रीत नाव नोंदवलेल्या अनोळखी दात्याच्या. हा ॲलोजेनिक. ॲक्यूट ल्युकेमियामध्ये बहुतेक वेळा दुसराच प्रकार लागतो आणि आजची गोष्टही त्याचीच आहे.

दुष्परिणामांची यादी पाठ करू नका, कारण शोधा

पुस्तकात दुष्परिणामांची भलीमोठी यादी असते. ती पाठ करायला गेलात तर आठवड्यात विसराल. त्यापेक्षा प्रत्येक त्रासाचं मूळ कुठे आहे ते विचारा. साधारण तीन मुळं सापडतात.

पहिलं मूळ म्हणजे केमो आणि रेडिएशन. जोरात वाढणाऱ्या पेशींवर त्यांचा घाव बसतो. कॅन्सरच्या पेशी तशा वाढतात, पण तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही तशाच वाढतात. म्हणून तोंड सोलवटतं, जुलाब होतात, केस जातात. मेलफॅलन हे औषध देताना रुग्णाला बर्फाचे तुकडे चघळायला देतात. थंडीनं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं आणि तोंड कमी सोलतं. इतका साधा उपाय, पण चाचण्यांमधून सिद्ध झालेला. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होणं, पुढे मूल न होणं, रेडिएशननंतर काही वर्षांनी मोतीबिंदू होणं, हे सगळंही याच मुळाचं.

दुसरं मूळ म्हणजे मधला रिकामा काळ. जुनं रक्त संपलेलं, नवं अजून तयार नाही. न्यूट्रोफिल जवळजवळ शून्यावर. या काळात साधी बुरशीही जीव घेऊ शकते. पुढे पेशींची संख्या भरून आली तरी प्रतिकारशक्ती कच्चीच राहते. सीएमव्हीसारखे शरीरात आधीपासून झोपलेले विषाणू जागे होतात. लहानपणी घेतलेल्या लशींचा परिणामही पुसट होतो, त्यामुळे मोठ्या माणसाला लहान बाळासारख्या पुन्हा लशी घ्याव्या लागतात.

तिसरं मूळ म्हणजे दात्याची प्रतिकारशक्ती. आणि माझी पंचाईत झाली ती इथे.

पाहुण्यानं यजमानाला मारलं

किडनीच्या प्रत्यारोपणात रुग्णाचं शरीर नवी किडनी नाकारेल ही भीती असते. इथे नेमकं उलटं होतं. आपण रुग्णाला नवीन प्रतिकारशक्तीच देतो. तिच्यातल्या टी-पेशी नव्या घरात येतात आणि त्यांना सगळंच परकं दिसतं. त्वचा, आतडं, यकृत, सगळीकडे हल्ला सुरू. याला ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट डिसीज म्हणजे जीव्हीएचडी म्हणतात. रुपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६६ मध्ये याच्या तीन अटी मांडल्या. दिलेल्या पेशींमध्ये लढू शकणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी हव्यात. रुग्णाच्या शरीरात दात्याकडे नसलेलं काहीतरी हवं. आणि रुग्ण त्या पेशींना हुसकावून लावण्याइतका सक्षम नसावा. तिन्ही अटी प्रत्यारोपणात आपण स्वतःच्या हातानं पूर्ण करतो.

ॲक्यूट प्रकारात अंगावर पुरळ येतं, कावीळ होते आणि पाण्यासारखे जुलाब होतात. त्याची तीव्रता ठरवताना किती टक्के त्वचेवर पुरळ आहे, बिलिरुबिन किती आहे आणि दिवसभरात किती मिलिलिटर जुलाब झाले हे मोजतात. हो, खरंच मोजतात. पेपरमध्ये 'ग्रेड ३' असं दोन अक्षरी लिहिलेलं असतं. त्यामागे कोणीतरी नर्स रात्रभर भांडं मोजत असते, हे लक्षात असू द्या.

उंदरांनी आधीच सांगितलं होतं

१९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हारवेल इथे बार्न्स, लूटिट आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमिया असलेल्या उंदरांना रेडिएशन दिलं आणि मग अस्थिमज्जा दिली. ज्यांना त्यांच्याच वाणाच्या उंदरांची मज्जा मिळाली, त्यांच्यात ल्युकेमिया परत आला. ज्यांना दुसऱ्या वाणाची मज्जा मिळाली, त्यांच्यात ल्युकेमिया परतला नाही, पण ते उंदीर जुलाब होऊन, खंगून मेले.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. परकी मज्जा कॅन्सरही मारते आणि उंदरालाही मारते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांचा सगळा प्रश्न या एका प्रयोगात होता.

माणसांमध्ये सुरुवात त्याहून वाईट झाली. अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना अस्थिमज्जा दिल्याचं प्रसिद्ध केलं. दोघांमध्येच ती थोडी रुजली आणि शंभर दिवसांपलीकडे कोणीच जगलं नाही. १९५९ मध्ये त्यांनी जुळ्या भावंडाची मज्जा वापरली. ती छान रुजली, जीव्हीएचडी झाला नाही, पण काही महिन्यांत ल्युकेमिया परत आला. साठच्या दशकात बऱ्याच जणांनी या कामाचा नाद सोडला. थॉमस टिकून राहिले. एचएलए जुळवण्याचं तंत्र आलं, प्रतिजैविकं सुधारली आणि सत्तरच्या दशकात रुग्ण जगू लागले. १९९० चं नोबेल थॉमस यांना जोसेफ मरे यांच्यासोबत विभागून मिळालं. आपल्याकडे हे काम १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी सुरू केलं.

दुष्परिणामाचा फायदा?

आता १९७९ मध्ये या. सिॲटलच्या वायडन आणि सहकाऱ्यांनी २४२ रुग्णांची माहिती तपासली. काहींना जुळ्या भावंडाची मज्जा मिळाली होती, बाकीच्यांना एचएलए जुळणाऱ्या भावंडाची. त्यांना दिसलं की ज्यांना मध्यम ते तीव्र जीव्हीएचडी झाला, त्यांच्यात ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.

म्हणजे त्वचा जाळणाऱ्या त्याच टी-पेशी लपून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशीही वेचून मारत होत्या. आपण समजत होतो की केमो कॅन्सर मारते आणि मज्जा फक्त रक्त भरून काढते. प्रत्यक्षात दात्याच्या पेशी हेच औषधाचा मोठा भाग होत्या.

पण याच पेपरमधली दुसरी गोष्ट बहुतेक विद्यार्थी वाचत नाहीत. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर जगण्याचं प्रमाण साधारण सारखंच होतं! जीव्हीएचडी झालेल्यांना कॅन्सर कमी परतला, पण ते इतर कारणांनी जास्त दगावले. एका हातानं मिळालं, दुसऱ्या हातानं गेलं.

आता माझ्या त्या स्लाइडकडे परत या. टी-पेशी काढल्या की जीव्हीएचडी कमी होतो हे खरंच होतं. पण काही रुग्णांमध्ये मज्जाच रुजेना, आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियामध्ये तर कॅन्सर मोठ्या प्रमाणात परत येऊ लागला. १९९० मध्ये होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २,२५४ रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद तपासून हे चित्र स्पष्ट केलं. गाईडच्या प्रश्नाचं उत्तर होतं, "नाही सर, एकूण हिशेबात पेशंट जास्त जगले नाहीत."

त्याच वर्षी म्युनिकच्या कोल्ब यांनी उलट्या दिशेनं पाऊल टाकलं. प्रत्यारोपणानंतर ल्युकेमिया परतलेल्या तीन रुग्णांना त्यांनी नवी केमो न देता मूळ दात्याच्या पांढऱ्या पेशीच पुन्हा दिल्या, सोबत इंटरफेरॉन होतं. ल्युकेमिया गेला. फक्त तीन रुग्ण, पण यांत्रिकीचा याहून थेट पुरावा सापडणं अवघड. सहसंबंध दिसणं वेगळं आणि स्वतः ढवळून परिणाम दाखवणं वेगळं, हा फरक शिकायला हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचा.

"बहिणीच्या पेशी आहेत ना, मग भांडतात कशाला?"

तिसऱ्या वर्षी मी रक्ताचे नमुने गोळा करायला फॉलोअप ओपीडीत बसायचे. तिथे एक काका भेटले. दीड वर्षापूर्वी प्रत्यारोपण झालेलं, दाता त्यांची सख्खी बहीण, एचएलए पूर्ण जुळलेलं. ल्युकेमियाचा मागमूस नाही. माझ्या नोंदीत ते 'यशस्वी' होते.

मी सही घेत असताना ते म्हणाले, "ताई, कॅन्सर गेला म्हणतात. पण भाकरीबरोबर ठेचा खाऊन दीड वर्ष झालं. आता तर साधं वरणसुद्धा झोंबतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बहिणीच्या पेशी आहेत ना, मग भांडतात कशाला?"

याचं उत्तर मला येत होतं, पण काकांना समजेल असं सांगायला दोन मिनिटं लागली. एचएलए जुळलं तरी भावाबहिणीत शेकडो बारीक फरक उरतात. त्यातला एक म्हणजे पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरून बनणारी प्रथिनं. बहिणीच्या टी-पेशींनी ती कधी पाहिलेलीच नसतात. त्यामुळे स्त्री दाता आणि पुरुष रुग्ण अशा जोडीत क्रॉनिक जीव्हीएचडीचा धोका जास्त असतो. मी त्यांना म्हटलं, "काका, बहिणीच्या पेशींना तुमच्यातलं थोडं अनोळखी वाटतंय. पण त्याच पेशी कॅन्सरवरही पहारा देतायत."

ते हसले. "म्हणजे पहारेकरी घरातल्यांनाच काठी मारतोय."

क्रॉनिक जीव्हीएचडी असाच असतो. तोंड आणि डोळे कोरडे पडतात, त्वचा कडक होते, सांधे आखडतात. फुप्फुसांत गेला तर श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. पूर्वी शंभर दिवसांआधीचा तो ॲक्यूट आणि नंतरचा तो क्रॉनिक अशी कॅलेंडरची रेघ मारायचे. २००५ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचनं तज्ज्ञांच्या सहमतीनं ठरवलं की दिवस मोजण्याऐवजी लक्षणं पाहायची आणि प्रत्येक अवयवाला ० ते ३ गुण द्यायचे. काकांच्या तोंडाला माझ्या एक्सेल शीटमध्ये २ होते. त्या दिवसापर्यंत तो माझ्यासाठी फक्त एक आकडा होता.

डॉक्टरांनी काकांना स्टेरॉइडच्या गुळण्या आणि डोळ्यांचे थेंब दिले. सरसकट जोरदार औषध दिलं असतं तर त्रास कदाचित लवकर थांबला असता, पण पहारेकरीही झोपला असता. जंतुसंसर्गाचा धोका वाढला असता तो वेगळाच. किती काठ्या सोसायच्या आणि पहारा किती सैल करायचा, हा निर्णय ओपीडीत रोज घ्यावा लागतो.

आज कुठे पोचलोय?

सगळ्या टी-पेशी काढणं जमत नाही, सगळ्या ठेवणंही जमत नाही. मग नेमक्या भांडखोर तेवढ्या आवरता येतील का? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटानं यासाठी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं, स्वस्त औषध वापरलं. ते प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी देतात. कल्पना अशी की तोपर्यंत भांडखोर टी-पेशी जोरात विभागायला लागलेल्या असतात, त्यामुळे त्याच औषधाच्या तावडीत सापडतात. मूळपेशींमध्ये हे औषध निकामी करणारं विकर भरपूर असतं, म्हणून त्या वाचतात. यामुळे अर्धं एचएलए जुळणारे दातेही चालू लागले. आईवडील आणि मुलं अर्धी जुळतातच. पूर्ण जुळणारं भावंड मिळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे फक्त २५ टक्के असते, हे लक्षात घेतलं तर याचं मोल कळेल.

गंमत म्हणजे नंतरच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की भांडखोर पेशी सगळ्या मरत नाहीत, बऱ्याच उरतात पण त्यांचं काम मंदावतं आणि नियंत्रक टी-पेशी वरचढ होतात. उपचार चालतो, पण स्पष्टीकरणावर अजून वाद आहे. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर अशा जागा हेरून ठेवा.

२०२३ मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ४३१ रुग्णांची. तिच्यात 'एका वर्षानंतर जिवंत, कॅन्सर परतलेला नाही आणि गंभीर जीव्हीएचडीही नाही' असं एकत्रित मोजमाप वापरलं. सायक्लोफॉस्फमाइडच्या गटात असे रुग्ण ५२.७ टक्के होते, जुन्या पद्धतीच्या गटात ३४.९ टक्के. कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं.

पाहा, मोजमापच बदललं! पण इथेही सावध राहा. या मोजमापात मृत्यू आणि औषध लागणारा क्रॉनिक जीव्हीएचडी दोन्ही 'अपयश' म्हणून सारखेच धरले जातात. फक्त जगण्याचं प्रमाण पाहिलं तर दोन गटांत संख्याशास्त्रीय फरक सिद्ध झाला नाही. म्हणजे फायदा मुख्यतः काकांसारख्यांचा त्रास कमी होण्यात आहे. तो छोटा फायदा नाही, पण तो कशाचा आहे हे नीट सांगता आलं पाहिजे.

पेपर वाचताना हे चार प्रश्न जवळ ठेवा

१. हा त्रास नेमका कशामुळे होतोय? केमो, रिकामा काळ की दात्याच्या पेशी? कारण वेगळं तर उपाय वेगळा.

२. ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतोय, तोच उपचाराचा भाग तर नाही ना?

३. लेखकांनी काय मोजलं आणि काय मोजलं नाही? एकत्रित मोजमाप असेल तर ते उकलून एकेक घटक पाहा.

४. मग पेशंट जास्त जगले का? आणि जगले ते कसे जगले?

चौथ्यातला पहिला भाग मला गाईडनी शिकवला, दुसरा काकांनी.

या आठवड्यात एक अभ्यास करून बघा. वायडन यांचा १९७९ चा पेपर मिळवा. सारांश झाकून ठेवा, आधी फक्त आलेख आणि तक्ते पाहा आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहा. मग सारांश उघडून ताडून पाहा. जगण्याबद्दलचा मुद्दा तुमच्या चार ओळींत आला असेल, तर तुम्ही पहिल्या वर्षातल्या माझ्यापेक्षा नक्कीच पुढे आहात.